कुऱ्हाडीतला र

ताई : हे बघ, परत तेच. ‘या नावाची नोंद आढळली नाही.’ काल संध्याकाळपासून हे मशीन माझ्या तोंडावर एवढंच वाक्य फेकतंय.

चिमी : शहरातले सगळे दवाखाने येतात यात?

ताई : सगळे. मोठे, छोटे, धर्मादाय. कुठेही माणूस दाखल झाला की इथे नाव उमटतं. अगं, दर पाळीला कुणी ना कुणी रडत येतं आणि मी इथूनच त्याचं माणूस शोधून देते. आज आपल्याच बापाचं नाव टाकलं, तर ठणठणाट.

चिमी : म्हणजे कुठेच दाखल नाहीत. हे एका अर्थी चांगलंच ना?

ताई : चांगलं कसलं? काल सकाळी चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून बाहेर पडलेला माणूस. चष्मा खिशात, फोन घरी चार्जिंगला. दवाखान्यात नाहीत, पोलिसांकडे नाहीत, मग आहेत कुठे? दवाखान्यात नाहीत याचा आनंद मानायची ताकद नाही माझ्यात.

चिमी : पोलीस काय म्हणाले?

ताई : त्यांनीही हेच मशीन उघडलं, हेच नाव टाकलं आणि हेच वाक्य मला वाचून दाखवलं. घड्याळ का बघतेस? मीटिंग असेल. जा तू.

चिमी : नाही जात. मीटिंगला येत नाही असं कळवलंय. वयाने शोधलंस का?

ताई : साठ ते ऐंशी. एकूण एक म्हातारा डोळ्याखालून घातला. आपला नाही त्यात.

चिमी : आणि आडनाव सोडून, नुसत्या नावाने?

ताई : नावाने शोधायचं तर आडनाव दिल्याशिवाय हे पुढेच सरकत नाही. हट्टी आहे, घरच्या माणसासारखं. सरक जरा, पुन्हा टाकून बघते. माझाच हात चुकत असेल. बघ, मात्रा दोनदा पडली. इंजेक्शन देताना कधी चुकला नाही हा हात.

चिमी : राहू दे, मी टाकते.

ताई : खोडतेय ना मी. कारकुनाची जेवणाची सुट्टी संपायच्या आत मला ही खुर्ची सोडायची आहे.

चिमी : ताई, थांब. जरा सावकाश खोड. एकेकदाच दाब.

ताई : आता खोडायलाही तू शिकव मला.

चिमी : दाब ना. मात्रा गेली. आता ह गेला. र चा पाय मोडलेला होता, ती खूण गेली. परत दाब. आत्ता काय गेलं?

ताई : टिंब. र खालचं टिंब.

चिमी : आणि र?

ताई : र आहे तिथेच. डोळे आहेत ना तुला?

चिमी : म्हणजे ते टिंब सुटं आहे.

ताई : चिमे, मला अण्णा हवेत. टिंबाचं काय करू मी?

चिमी : ऐक. आपल्या आडनावात तो र आहे ना, कुऱ्हाडीतला. मशीनमध्ये तो दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एक तर आख्खा, एकच अक्षर म्हणून. नाही तर साधा र आणि त्याच्याखाली वेगळं टिंब. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. हा कीबोर्ड सुटं टिंब देतोय. दुसऱ्या दवाखान्यात कुणी आख्खा र लिहिला असेल, तर तू शोधतेस ते आडनाव आणि त्यांनी लिहिलेलं आडनाव या मशीनच्या लेखी वेगळी आहेत.

ताई : दिसायला एकच असून?

चिमी : त्याला दिसत नाही गं. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराचा आकडा असतो. इथे दोन आकडे, तिथे एक. आकडे जुळले नाहीत की म्हणतं, नोंद नाही.

ताई : मग टाक ना त्या दुसऱ्या तऱ्हेने. बसलीस काय व्याख्यान देत.

चिमी : या कीबोर्डवर तो येतच नाही. कुठून तरी उचलून आणावा लागेल. इंटरनेट चालतं ना यावर? एखादी बातमी बघते. तऱ्हा, दुसऱ्या, कसलाही शब्द चालेल. हा घे, ‘बिचाऱ्या’. इथला र उचलते, खोडून बघते. गेला. सगळा एकदम गेला, टिंबासकट. हाच हवा होता. परत चिकटवते, बाकीचं आडनाव तू लिही.

ताई : लिहिलं. तू दाब.

चिमी : तू दाब.

ताई : दाबलं.

चिमी : काय म्हणतंय?

ताई : नावं आली. चिमे, नावं आली. ही कुणी बाई आहे. हे तर बाळ आहे, कालच जन्मलेलं. हे एक... नाही. वय बावन्न आहे.

चिमी : नाव काय लिहिलंय?

ताई : नाव अण्णांचं.

चिमी : वडिलांचं नाव?

ताई : आजोबांचंच आहे. पण वय बावन्न कसं असेल?

चिमी : तेच नाव, तेच आजोबा, तेच आडनाव. वयाचं मागाहून बघू. फोन लाव, ताई.

ताई : हॅलो. हो, मीही सिस्टरच बोलतेय, इकडच्या दवाखान्यातून. पुरुष वॉर्ड द्या ना जरा. हं. काल आणलेले, रस्त्यात पडलेले कुणी आहेत का? उंच आहेत. उजव्या अंगठ्याचं नख काळं, चेमटलेलं. हो. हो का. टाके किती? बरं. फोटो काढला डोक्याचा? आत रक्त नाही ना? नक्की? आणि आता शुद्धीवर... काय म्हणाले? नाही, ऐकतेय मी. ऐकतेय, सिस्टर. त्यांना सांगा की... काही सांगू नका. आम्ही निघालोच.

चिमी : काय म्हणाली ती?

ताई : म्हणाली, ‘ते होय, लिफ्टवाले आजोबा. सकाळपासून आमच्या लिफ्टला नावं ठेवताहेत.’

चिमी : आख्खा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला त्यांचा. अण्णाच ते. रड तू. कोणी नाही इथे.

ताई : मी कशाला रडू? टॅक्सी बोलाव.

* * *

(टॅक्सीत.)

ताई : त्यांना घराचा फोन नंबर विचारला होता म्हणे काल. त्यांनी कुठला सांगितला असेल?

चिमी : कुठला?

ताई : जुन्या घरातला. भिंतीवरचा तो काळा फोन. ती लाइन आपण कधीच काढून टाकली. दवाखान्यातले बिचारे रात्रभर तो नंबर फिरवत बसले. आणि कामावर जायचंय, मला सोडा, म्हणून अण्णांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. वय बावन्न त्यांनी स्वतःच सांगितलंय. डोकं आपटलं की होतं असं, दिवसा-दोन दिवसांत ठिकाणावर येतं. आता बरंच आलंय म्हणाली.

चिमी : तू हसतेयस.

ताई : हसू नको तर काय करू? काल रात्री मी डोळ्यांसमोर काय काय आणलं, ते तुला सांगणार नाही. पाणी आहे का तुझ्याकडे?

चिमी : घे.

ताई : आता मला एक सांग. जन्मापासून हे आडनाव लिहितेय मी. माझं लिहिणं चुकलं का?

चिमी : नाही.

ताई : मग तिथल्या माणसाचं चुकलं?

चिमी : त्याचंही नाही. तुम्हा दोघांचंही बरोबर.

ताई : दोघंही बरोबर आणि बाप रात्रभर बेवारस. असं कसं गं?

चिमी : ज्याने ही शोधायची खिडकी लिहिली, त्याने आकड्याला आकडा जुळवला. त्यालाही फार बोल लावता येत नाही. ज्या भाषेत त्याने लिहिलं, तिने त्याला सांगितलंच नाही की असं होऊ शकतं. त्याला वाटलं, दोन शब्द सारखे आहेत का एवढंच विचारतोय. भाषा उत्तर देत होती दुसऱ्याच प्रश्नाचं.

ताई : तुम्ही करताय ती तसलीच भाषा ना? मशीनशी बोलायची?

चिमी : हो. उद्या लोक तिच्यात असेच प्रोग्राम लिहितील, दवाखान्यांचे, शाळांचे. त्यात मजकूर म्हणजे काय, हे आम्हाला ठरवायचंय. दोन मजकूर सारखे कधी म्हणायचे, लांबी कशी मोजायची, मधेच तोडायचा तर कुठे तोडायचा.

ताई : एवढं ठरवायला किती दिवस लागतात?

चिमी : अजून ठरलं नाही. मास्तर अडून बसलेत.

ताई : मास्तर म्हणजे तुझा तो साहेब, जो कॉफी पिताना डुलक्या घेतो?

चिमी : तेच. ते म्हणतात, आलेले आकडे म्हणजेच मजकूर. आकडे सारखे तर मजकूर सारखा. भाषेने मधे शहाणपणा करू नये.

ताई : त्यांच्या आडनावात हा र नसणार.

चिमी : नाही. पण ते मूर्ख नाहीत गं. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू आपण परस्पर नीटनेटकी करू नये. पासवर्ड घे. त्यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर कुलूप उघडत नाही. ते खरंच आहे.

ताई : मग भांडण कशावर?

चिमी : मी म्हणते, दोन वेगळ्या जाती करा. एक म्हणजे पोतं. जे आलं ते तसंच ठेवायचं, हात लावायचा नाही. दुसरी जात म्हणजे माणसाने वाचायचा मजकूर. पोत्यातलं मजकुरात आणायचं असेल, तर उंबऱ्यावरच निवडून घ्यायचं. हा र मग कुठल्याही तऱ्हेने येवो, आत एकाच तऱ्हेने बसेल. आणि या दोघांची सरमिसळ कुणी करायला गेलं, तर भाषेनेच हात धरायचा. आत्ता काय होतं, लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो की आपल्या हातात निवडलेलं आहे की न निवडलेलं.

ताई : हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. उकळलेली हत्यारं एका ट्रेमध्ये, न उकळलेली दुसऱ्यात. दिसायला सारखीच असतात, म्हणून तर ट्रे वेगळे.

चिमी : झालं, हेच मी मांडत होते मागच्या रविवारी.

ताई : ज्या रविवारी अण्णा जेवायला तुझी वाट बघत बसले, तो रविवार.

चिमी : हो.

ताई : टोमणा नाही मारत. मारणार होते, तयार करूनही ठेवला होता. पण आज नको. मग मास्तरांना हे ट्रेचं पटत का नाही?

चिमी : काम वाढतं. लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगावं लागतं, मी हे निवडून घेतलं. प्रोग्राम जरा सावकाश चालतो. आणि त्यांचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही. या र ची तिसरीही तऱ्हा आहे. त्यात मधे एक न दिसणारा सांधा असतो. तो उंबऱ्यावर निवडूनही सुटतो. तेव्हा शोधताना जुळवणी आणखी सैल हवी, आणि ती कुठे किती सैल हे भाषा नाही सांगू शकत, माणसानेच ठरवावं लागतं.

ताई : म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं, तरी एखादा अण्णा हरवू शकतो.

चिमी : एखादा. आज कितीजण हरवतात, ते मला माहीत नाही.

ताई : थांब. माझा फोन कुठाय? कारकुनाला सांगते. हॅलो, अहो, मी बोलतेय. सापडले, हो, सापडले. ते नंतर सांगते. आधी माझं ऐका. मी तुमच्या मशीनवर एक अक्षर उघडं ठेवून आलेय, ते बंद करू नका. ज्यांची माणसं मिळाली नाहीत आणि ज्यांच्या नावात हा कुऱ्हाडीतला र आहे, त्या सगळ्यांची नावं ते अक्षर चिकटवून पुन्हा शोधा. का ते मला नीट सांगता येणार नाही. माझी धाकटी बहीण संध्याकाळी येऊन सांगेल. हो, तीच ती, कॉम्प्युटरवाली.

चिमी : मी संध्याकाळी येणार आहे?

ताई : आता आलंच पाहिजे. मी शब्द दिलाय.

* * *

(दुसऱ्या दवाखान्याचा पुरुष वॉर्ड. कोपऱ्यातली खाट, बाजूला एक स्टूल.)

अण्णा : आलात का. मला वाटलं, तुमची काही ड्यूटी-बिटी असेल.

ताई : अण्णा.

अण्णा : काय गं? हात केवढे गार पडलेत तुझे. काही खाल्लंस का?

ताई : टाके बघू द्या. मान वळवा. दुखतंय?

अण्णा : तू दाबलंस तर दुखणारच. ही कोण मागे? चिमे, तूही आलीस? आज रविवार आहे?

चिमी : नाही, अण्णा. आज अशीच आले.

अण्णा : बरं झालं. इथली लिफ्ट ऐकलीस येताना? आधी खटका पडतो, मग दार मिटतं. उलटं पाहिजे. मी त्यांना सकाळी सांगितलं, हिला एकदा उघडून तेल द्या, नाहीतर कुणाला तरी अडकवेल. माझ्याकडे बघून हसले सगळे.

ताई : तुम्ही बावन्न वर्षांचे आहात असंही सांगितलंत त्यांना. हसतील नाही तर काय करतील?

अण्णा : सांगितलं असेल. काल मला तसंच वाटत होतं. ऊन फार होतं, डोळ्यापुढे अंधारी आली. जाग आली ती या पांढऱ्या छताखाली. मी समजलो, कामावर असताना लिफ्टच्या शाफ्टमध्येच पडलोय.

चिमी : मनगटावरची ही नावाची पट्टी बघू. ताई, बघितलंस? नाव एका ओळीत मावलं नाही, म्हणून दुसऱ्या ओळीवर ढकललंय. ह वर राहिला आणि त्याची मात्रा एकटीच खाली आली.

अण्णा : तेच मीही विचारत होतो. ही टिंबाटिंबांची वाटी कसली माझ्या नावाखाली? तर ती पोरगी म्हणते, मशीन काढतं तसं आम्ही बांधतो.

चिमी : मात्रेला बसायला अक्षर उरलं नाही, म्हणून मशीनने तिला टिंबांचं रिकामं वर्तुळ दिलं. अक्षर कुठे संपतं ते त्याला कळत नाही. ते मोजून तोडतं.

अण्णा : मग कुणीतरी सांगा ना त्याला.

चिमी : तेच करते मी, अण्णा. ऑफिसात.

अण्णा : हे करतेस होय? मी लोकांना सांगत आलो की तू बँकेचं काहीतरी करतेस.

ताई : मलाही आजच कळलं, टॅक्सीत. आणि तिच्यामुळेच तुम्ही सापडलात. तुमच्या नावातल्या एका अक्षरावरून.

अण्णा : माझं नाव मी नीट सांगितलं होतं. घोळ झाला असेल तर माझा नाही.

चिमी : नीटच सांगितलंत. त्यांनीही नीट लिहिलं. कुणाचाच घोळ नव्हता.

अण्णा : नंबरही सांगितला होता घरचा.

ताई : अण्णा, तो जुना नंबर होता. काळ्या फोनचा.

अण्णा : हो का? मला तोच पाठ आहे. म्हटलं, लावतील फोन, तुमची आई उचलेल. ती घरीच असते त्या वेळेला.

ताई : असायची, अण्णा.

अण्णा : सकाळी उठलो तेव्हा आलं लक्षात. तोवर त्यांनी पुष्कळदा फिरवला होता. मी म्हटलं, राहू द्या आता, नका फिरवू. दुसरा काही नंबर आठवेना. मग म्हटलं, थोरली परिचारिका आहे. ती काढेल शोधून.

चिमी : काढलं तिने.

ताई : दोघींनी. चिमे, डोळे पूस, नाहीतर त्यांना वाटेल की काहीतरी लपवतोय आपण. अण्णा, तुम्ही चांगले आहात. डॉक्टर भेटले मला बाहेर. उद्या सकाळी सोडतील. डोक्याचा फोटो स्वच्छ आहे.

अण्णा : तो स्वच्छच असणार. चष्म्याचं काय झालं?

ताई : फुटला. नवा करू.

अण्णा : काडीच तर बसवायची होती. तुझा फोन वाजतोय, चिमे. घे. कामाचा असेल.

चिमी : मास्तरांचा निरोप आहे. सकाळी मी त्यांना लिहिलं होतं की वडील हरवलेत, येऊ शकत नाही. मघाशी टॅक्सीतून उतरताना कसे सापडले तेही लिहिलं.

ताई : काय म्हणतात? पुन्हा आकडे सांगताहेत?

चिमी : ‘वडिलांजवळ थांब. बैठक परवावर ढकलली आहे. तुझ्या दोन जातींचा मसुदा मी पुन्हा वाचायला घेतला आहे. वेगाबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे, पण ते आपण दोघं मिळून सोडवू. तुझ्या बहिणीच्या दवाखान्यातली ती शोधखिडकी कोणी लिहिली, ते विचारून ठेव. दुरुस्ती आपणच लिहून पाठवू.’

ताई : डुलक्या घेत असला, तरी माणूस बरा दिसतोय.

चिमी : मी म्हटलं होतं ना तुला.

अण्णा : कोण गं हा?

चिमी : आमचे साहेब. माझ्याशी भांडत असतात.

अण्णा : भांडतो म्हणजे ऐकतो तरी. आमचा साहेब नुसती मान हलवायचा आणि लिफ्ट तशीच राहायची. तुम्ही दोघी उभ्या का आहात मघापासून? स्टूल आहे ना तिथे.

ताई : एकच आहे. चिमी बसेल त्यावर. मी खाटेवर टेकते.

अण्णा : खाटेवर बसू देत नाहीत इथे. सकाळीच एकाला उठवलं.

ताई : मला कोण उठवतंय ते बघू.

अण्णा : बस मग. मी पाय जरा पलीकडे घेतो.